चेहरा ईशानीचा, हात प्रतिभाचा

प्रतिभा गांगुर्डे नाशकात सिडकोला राहते, पवननगरच्या मागच्या गल्लीत. अंबडला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती चौदा वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. पट्ट्यावरून बटण आलं की तीनदा दाबायचं, कान देऊन ऐकायचं आणि पुढे सोडायचं. आवाज कोरडा आला तर माल चांगला, दमट आला तर आत स्प्रिंग नीट बसलेली नाही. 'दमट आवाज' हा शब्द तिचाच. सुपरवायझर त्याला हसायचे, पण तिने बाजूला काढलेलं बटण उघडलं की स्प्रिंग हमखास वाकडी निघायची.

नाच ही तिची लहानपणापासूनची ओढ. दिंडोरीच्या शाळेत गॅदरिंगला चार वर्षं तिचा पहिला नंबर. विसाव्या वर्षी लग्न झालं. चुलत दिराच्या वरातीत ती दोन पावलं काय नाचली, घरी आल्यावर नवरा निवृत्ती म्हणाला, "आपल्या घरातल्या बायका रस्त्यावर नाचत नाहीत." एवढंच. माणूस वाईट नव्हता. ओझरला फिटर म्हणून जायचा, व्यसन नव्हतं, कधी आवाज चढवायचा नाही. म्हणूनच त्याचं ते एक वाक्य तिला एकोणीस वर्षांत मोडता आलं नाही. भांडखोर नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

रविवारी दुपारी मात्र घर तिचं असायचं. सासूबाई मालनबाई भजनी मंडळात, निवृत्ती ओव्हरटाइमला, लेक छाया पुण्याला नर्सिंगच्या हॉस्टेलवर. प्रतिभा स्वयंपाकघराचं दार लोटून, पदर खोचून ओट्यासमोर नाचायची. कारखान्यात शेजारच्या टेबलावर बसणारी शाझिया दोन गल्ल्या सोडून राहायची. ती यायची आणि मोबाईलवर शूटिंग करायची. ते व्हिडिओ कुठे टाकायचे नव्हते. प्रतिभा आठवडाभर ते एकटीच बघायची आणि पुढच्या रविवारी पुसून टाकायची.

त्याच सुमारास तिला ईशानी देवलने वेड लावलं. ईशानी साडेसातच्या मालिकेतली नायिका. मालिकेत ती सासर-माहेर दोघांनाही न जुमानता वकील होते. तिच्या चाहत्यांचा नाशिकपुरता एक ग्रुप होता, चारशे जणांचा. त्यात कुणीतरी प्रतिभाला घेतलं. ग्रुपचा ॲडमिन समर्थ निफाडचा, सत्तावीस वर्षांचा, तिथल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवणारा. तो एआयवर ईशानीचे व्हिडिओ बनवायचा. ईशानी गोदाघाटावर चालतेय, ईशानी मिसळ खातेय. ग्रुपमध्ये कुणाचा वाढदिवस असला की ईशानी नाव घेऊन शुभेच्छा द्यायची. प्रतिभाच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसालाही दिल्या. "प्रतिभाताई, तुमच्यासारख्या बायकांमुळे मला बळ येतं." हे खरं नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी ओट्याशी उभी राहून ती रडली. सासरी इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं.

आभार मानायला तिने समर्थला फोन केला, आणि बोलता बोलता नाचाचा विषय निघाला. त्याने एक व्हिडिओ पाठवायला सांगितला. तासाभरात त्याचाच फोन आला.

"ताई, काय नाचता हो तुम्ही! याला ईशानीचा चेहरा लावू का? मालिकेत ती कधी नाचतच नाही. लोक वेडे होतील."

"माझा चेहरा दिसणार नाही ना?"

"अजिबात नाही. पूर्ण ईशानी."

"आणि हातावरचं गोंदण?"

तिच्या डाव्या मनगटावर विंचू गोंदलेला आहे. सात वर्षांची असताना वणीच्या यात्रेत आजीने गोंदवला होता. कळ सोसवेना म्हणून तिने हात ओढला, तेव्हापासून विंचवाची नांगी एका अंगाला वाकडी.

"पुसून टाकीन," समर्थ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने शाझियाला सांगितलं. शाझियाने डबा उघडता उघडता विचारलं, "ईशानीला विचारलं का कुणी?"

"तिला काय विचारायचं? तिचंच तर नाव होतंय."

"आणि तुझं?"

"माझं व्हायला नको, म्हणून तर."

यात प्रतिभाला खरंच काही वावगं वाटलं नाही. लाजऱ्या बाईने तोंडावर पदर घ्यावा तसं तिने ईशानीचं तोंड घेतलं. पहिल्यांदाच ती जगासमोर नाचत होती आणि निवृत्तीचं वाक्यही मोडत नव्हतं.

व्हिडिओ आठवड्यात बारा लाख लोकांनी पाहिला. कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती खालचे शेरे वाचायची. 'काय लवचीक कंबर!' 'ईशानीने हे इतके दिवस लपवून का ठेवलं?' दुसऱ्याच्या नावाने का होईना, कौतुक अंगी लागत होतं. त्या दिवसांत ती चालायचीसुद्धा वेगळी, असं शाझिया पुढे सांगायची. गोंदण तसंच राहून गेलंय हे तिने पाहिलं, समर्थला कळवलंही. तो म्हणाला, "ताई, त्याने उलट खरं वाटतं. हाताकडे कोण बघतंय?"

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, तिने सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर छायाचे सात मिस्ड कॉल.

"आई, तू एकटी आहेस का?"

"हो, बोल. तब्येत बरी आहे ना?"

"ईशानी देवलचा एक घाण व्हिडिओ फिरतोय. हॉस्टेलमध्ये सगळ्यांकडे आलाय." मग छायाने आवाज खाली आणला. "आई, त्यात मागे आपला ओटा आहे. आपली भांड्यांची मांडणी. आणि तो हात."

प्रतिभा बाथरूममध्ये गेली आणि कडी लावून तिने तो पाहिला. गाणं तेच, पावलं तीच, गिरक्या त्याच. कुणीतरी मशीनकडून अंगावरचे कपडे काढून टाकले होते. ते अंग तिचं नव्हतं. तिच्या पोटावर सिझेरियनचा आडवा व्रण आहे, त्या पोटावर काहीच नव्हतं, आरशासारखं गुळगुळीत. चेहरा ईशानीचा. फक्त कोपरापासून खाली, हिरव्या बांगड्या आणि वाकड्या नांगीच्या विंचवासकट, हात तिचा होता.

समर्थने पहिल्याच रिंगला फोन उचलला. "मी नाही केलं, ताई. आईची शपथ. आपला व्हिडिओ कुणीतरी उचलला."

"काढ तो."

"आपला मी काढला. तो दुसरा आता कुणाच्याच हातात नाही."

बारा लाख लोकांनी हाताकडे बघितलं नव्हतं हे खरं. पण गल्लीने बघितलं. ज्या हाताने एकोणीस वर्षं संक्रांतीला वाण लुटलं, पापड लाटायला मदत केली, तो हात गल्लीतल्या बायका कशा ओळखणार नाहीत? कुणी काही बोललं नाही. फक्त ती नळावर आली की बोलणं थांबायचं आणि सगळ्यांना एकदम घरातली कामं आठवायची.

मालनबाईंना तो व्हिडिओ शेजारच्या सुमनबाईने दाखवला. संध्याकाळी प्रतिभा कामावरून आली तेव्हा त्या देवासमोर वाती वळत बसल्या होत्या.

"सुमननं मला मोबाईलमधी कायतरी दाखवलं," त्या म्हणाल्या.

"आई, ते माझं नाही."

"मला काय कळत नाय त्या मशिनीतलं. पण हात तर तुझाच हाय."

"हात माझा आहे."

मालनबाईंनी वात खाली ठेवली. "मग बाकीची कोण हाय?"

 याचं उत्तर प्रतिभा पुढे कितीतरी दिवस शोधत होती.

निवृत्तीला तिने सगळं आपण होऊन सांगितलं. वाढदिवसापासून सुरुवात केली आणि काही लपवलं नाही. तो खाटेच्या कडेला बसून ऐकत होता.

"ते अंग तुझं नाही," तो म्हणाला. "मला कळतंय. मला नाही कळणार तर कुणाला?"

तिला हायसं वाटतंय न वाटतंय तोच तो पुढे म्हणाला, "पण मी लोकांना काय सांगू? चेहरा हिचा नाही, अंग हिचं नाही, नाच तेवढा हिचा? टपरीवरच्या प्रत्येकाला हे समजावत बसू? तुला मी आयुष्यात एकच गोष्ट सांगितली होती, प्रतिभा."

दुसऱ्या दिवशी मेनरोडवरून त्याने तिच्यासाठी लांब बाह्यांचे दोन ब्लाउज आणले. घडी न मोडता, इतक्या हळुवारपणे खाटेवर ठेवले की तिला चिडताही आलं नाही. "काही दिवस घाल. निवेल आपोआप," तो म्हणाला. मे महिन्याच्या उन्हात ती मनगटापर्यंत झाकून कामाला जाऊ लागली, आणि जिला संशय नव्हता तिलाही त्या बाह्यांनी सांगून टाकलं.

त्याच आठवड्यात ईशानी देवल स्वतः बोलली. मेकअप नाही, केस बांधलेले, मागे साधी भिंत. ती म्हणाली, "लोक मला सांगतात, दुसरा व्हिडिओ वाईट आहे, पण पहिला किती छान होता. तो पहिलाही मी नव्हते. मी नाचले नाही. माझा चेहरा घेताना मला कुणी विचारलं नाही. जे पहिल्या दिवशी टाळ्या वाजवत होते, त्यांनीच दुसऱ्यांसाठी दार उघडून ठेवलं. माझ्या बाबांनी सकाळी फिरायला जाणं बंद केलंय."

प्रतिभाने ते तीनदा ऐकलं. तोवर ती स्वतःला एकाच बाजूला उभी समजत होती: आपल्यावर अन्याय झालाय, बस्स. आता तिला दिसलं की दार उघडणाऱ्या हातांत आपला हातही आहे. आणि हे कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. गल्लीला ती बेशरम वाटत होती, निवृत्तीला न ऐकणारी, शाझियाला बिचारी. ईशानीचा चेहरा न विचारता घेतला म्हणून मला लाज वाटते, असं म्हणावं तर ऐकणारा विचारणार, मग ती तूच का?

चाहत्यांचं प्रेम आता भलतीकडे वळलं. ईशानीवरचा डाग पुसायचा तर 'खरी बाई' शोधली पाहिजे, असं ठरलं. समर्थने ग्रुप बंद केला होता, पण दुसरे तीन निघाले. हाताचा मोठा केलेला फोटो फिरू लागला. 'ही नाशिकचीच आहे. ओळखा.' प्रतिभा स्वतः एका ग्रुपमध्ये होती. आपल्याच मनगटाखाली लोक अंदाज लिहिताहेत हे ती मुकाट बघायची. बाहेर पडावं तर लोक विचारतील ही का गेली, म्हणून तीही सोय नव्हती.

एक दिवस समर्थ कारखान्याच्या गेटवर येऊन उभा राहिला. प्रत्यक्ष ती त्याला पहिल्यांदाच बघत होती. बारीक, चष्मेवाला, हातात द्राक्षांची पेटी असावी तसं धरलेलं हेल्मेट.

"ताई, तुम्ही गप्प राहिलात तर तुमचंही नाव येत नाही आणि माझंही. क्लासमध्ये अजून कुणाला माहीत नाही."

"ईशानीच्या वडिलांचं काय?"

"काय?"

"ते फिरायला जात नाहीत."

 त्याने ते ऐकलंही नव्हतं. चार वर्षं ईशानीचा चेहरा रोज हाताळणाऱ्या माणसाने ती खरं काय बोलली ते पाहिलंच नव्हतं.

त्याला काही वचन न देता ती बसमध्ये चढली. खरं तर गप्प राहायचंच तिच्याही मनात होतं. सगळे तेच सांगत होते, आणि गप्प राहायची तिला सवय होती. पण चारच दिवसांनी ग्रुपवर नवा फोटो आला. सातपूरच्या बाजारात मेथी विकणारी एक बाई, डाव्या हातावर विंचवाचं गोंदण. 'सापडली!' खाली दोनशे शेरे. कुणीतरी तिच्या पाटीसमोर उभं राहून व्हिडिओ काढला होता. ती बाई हातातली जुडी चेहऱ्यासमोर धरत होती आणि म्हणत होती, "मी नाय ओ दादा, मी नाय. मला नाचताबी येत नाय."

प्रतिभा दुसऱ्या दिवशी शाझियाला घेऊन पोलीस ठाण्यात गेली.

तिथल्या सब-इन्स्पेक्टर बाईंनी तिला पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "ताई, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. दुसऱ्या व्हिडिओत तुमच्यावर गुन्हा झालाय. पण पहिला तुम्ही मर्जीने दिलात, आणि देवल मॅडमची तक्रार दोन्हींवर आहे. म्हणजे तुम्ही फिर्यादीही आहात, साक्षीदारही, आणि समोरच्या वकिलाने ओढलं तर तुम्हाला आरोपीही करतील. मोबाईल जमा करावा लागेल. घरी बोलून उद्या या, चालेल."

"आज घरी गेले तर उद्या येणारच नाही," प्रतिभा म्हणाली. "आत्ताच लिहा."

जबाब लिहायला अडीच तास लागले. समर्थचं नाव सांगताना ती अडखळली. फोन देण्याआधी तिने बाईंना विचारलं, "एक व्हिडिओ टाकू का? सातपूरच्या त्या बाईसाठी." ठाण्याच्या आवारातच शाझियाने तो काढला. उन्हात उभी राहून प्रतिभाने बाही वर केली आणि म्हणाली, "हा हात माझा आहे. नाच माझा होता. ईशानी देवल यांचा चेहरा त्यांना न विचारता लावला, त्याला मी हो म्हटलं होतं. ते मी चुकले. त्यानंतर जे केलं गेलं, ते ना त्यांचं अंग आहे ना माझं. बाजारातल्या ताईंना त्रास देऊ नका."

स्वतःच्या चेहऱ्याने जगासमोर आलेला तिचा तो पहिला व्हिडिओ.

मेथीवाल्या बाईचा त्रास थांबला. एवढं एक झालं. बाकी शेरे शाझियाने तिला वाचून दाखवले नाहीत, पण ते कळायचे राहिले नाहीत. निम्म्या लोकांचं म्हणणं, ही बाईसुद्धा एआयने बनवलेली, मालिकेच्या कंपनीने देवलला वाचवायला उभी केलेली. काहींना ती खरी वाटली, आणि त्यांनी लिहिलं की आता कळलं चेहरा का बदलला.

निवृत्ती अकरा दिवस तिच्याशी बोलला नाही. बाराव्या दिवशी जेवताना म्हणाला, "भाजीत मीठ कमी आहे," आणि संसार पुन्हा सुरू झाला. समर्थची नोकरी गेली, खटला चालू आहे. त्याच्या बहिणीने एकदा शाझियाच्या फोनवर प्रतिभाला गाठून हवं ते सुनावलं. प्रतिभाने ईशानीला कागदावर पत्र लिहिलं होतं, माफी मागितली होती. महिनाभराने छापील उत्तर आलं: आपलं पत्र मिळालं, प्रकरण न्यायालयात असल्याने अधिक भाष्य करता येत नाही. कारखान्यात सुपरवायझरनी तिला तपासणीच्या टेबलावरून आतल्या पॅकिंगला हलवलं. "पाहुणे येतात, मोबाईल काढतात. तुमच्याच भल्यासाठी," ते म्हणाले. तिच्या जागी आलेल्या मुलीला आवाजातला फरक कळत नाही, असं शाझिया सांगते.

तो व्हिडिओ अजून कुठे ना कुठे निघतोच. पोलिसांनी एका ठिकाणचा काढला की दुसरीकडे दिसतो. छाया आता फोनवर त्याबद्दल बोलत नाही. ती दिवाळीला आली तेव्हा आईशेजारी झोपली आणि सकाळी उठून ओट्याच्या मागच्या भिंतीला आपणच वेगळा रंग दिला, न विचारता.

डिसेंबरात मालनबाईंचे भाऊ देवराम यांच्या नातीचं लग्न निघालं, निफाडजवळ. मालनबाई म्हणाल्या, "ती येनार नसंल तर मीबी नाय येत." त्यामुळे प्रतिभाला जावं लागलं. मांडव द्राक्षबागेच्या कडेला होता. हळद लागली, डीजे सुरू झाला, आणि मुली नाचता नाचता तिच्याकडे आल्या. "मामी, चला ना! तुम्ही तर—" एकीने म्हटलं आणि जीभ चावली. दुसरी हात धरून ओढू लागली. मांडवातल्या बायका सरसावून बसल्या, आणि बघता बघता दहा-बारा मोबाईल वर आले. कुणाच्या मनात वाईट होतं असंही नाही.

प्रतिभाने निवृत्तीकडे पाहिलं. तो पुरुषांच्या घोळक्यात उभा होता आणि मान वळवून बागेकडे बघत होता. नाच म्हणतोय की नको म्हणतोय, ते त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं.

"भात बघून येते गं," असं म्हणून तिने हात सोडवून घेतला.

मागे आचाऱ्याच्या हाताखालच्या बायका कोथिंबीर निवडत बसल्या होत्या. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, किंवा ओळखलं असेल तरी त्यांना सवड नव्हती. तिने एक पेंढी ओढून घेतली आणि खाली बसली. मांडवात गाणं बदललं, चांगलं उडत्या चालीचं. पेंढीची दोन-चार पानं निवडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला उजवा पाय जमिनीवर ठेका धरतोय. तिने डावा पाय उचलून त्याच्यावर ठेवला आणि तसाच दाबून धरला.